गोल खोलीवरची चौकोनी टाकी

नांदेडहून उमरीकडे जाताना एका लहान स्टेशनाच्या अलीकडे पाण्याची जुनी टाकी दिसते. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि गोल, वरची टाकी लोखंडाची आणि चौकोनी. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही. खिडकीतल्या प्रवाशाला बुरुजावर कुणी पेटी ठेवून गेल्यासारखे वाटते.

बातमीदारीच्या निमित्ताने या भागातली बहुतेक स्टेशने मी पाहिली आहेत. वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या टाक्या उदगीरच्या बाजूला पाहिल्या, किनवटच्या वाटेवर पाहिल्या. काही लोखंडी खांबांवर होत्या, काही चौकोनी दगडी जोत्यावर. गोल भिंतीवर चौकोनी टाकी मात्र मला या एकाच ठिकाणी आढळली.

असे का बांधले, याची नोंद कुठे मिळत नाही. मला पटणारे कारण साधे आहे. लोखंडी पत्रे कारखान्यातून तयार यायचे, सगळे एका मापाचे. ते एकमेकांना बोल्टांनी जोडले की चौकोनच तयार होतो. दगडी काम करणारे गवंडी मात्र इथलेच असणार, आणि त्यांच्या पिढ्या विहिरी बांधण्यात गेलेल्या. विहीर गोल असते. त्यांनी जमिनीखाली बांधायची ती जमिनीवर बांधली आणि तिच्या डोक्यावर परगावची पेटी चढवली.

जवळ गेल्यावर काम किती विचाराने केले आहे ते दिसते. दगडाचा दर्शनी भाग खडबडीत ठेवला आहे, कडा मात्र छिन्नीने सरळ केल्या आहेत. भिंत वर जाताना किंचित आत झुकते. दरवाजावर कमान आहे आणि भिंत इतकी जाड आहे की उंबऱ्यावर दोन माणसे समोरासमोर टेकून बसतात, तरी ये-जा अडत नाही. भिंतीच्या माथ्यावर आडवे गर्डर टाकले आहेत आणि त्यांवर टाकी बसवली आहे. चौकोनाचे चार कोपरे गोलाच्या बाहेर येतात. त्या प्रत्येक कोपऱ्याखाली दगडाचे घोडे आहेत, एकावर एक पुढे सरकत गेलेले, जड टोपल्याला खालून हात लावावा तसे.

टाकीच्या रुळांकडच्या बाजूला एक उभी फळी आहे. तिच्यावर आकडे आणि आकड्यांवरून वरखाली सरकणारा लोखंडी काटा. टाकीत पाणी किती आहे ते इंजिनवाल्याला दुरून कळावे, यासाठी ती सोय होती.

माझे वडील या टाकीच्या पोटातल्या गोल खोलीत काम करायचे. खोलीत पंप होता. शेजारच्या विहिरीचे पाणी तो टाकीत चढवायचा आणि वडील तो चालवायचे. मी शाळेत जाऊ लागलो त्या सुमारास त्यांची बदली नांदेडला झाली. धाकट्या बहिणीचा जन्म त्यानंतरचा. पुढे वाफेची इंजिने गेली, रूळ रुंद झाले, स्टेशन थोडे पुढे सरकले आणि जुन्या यार्डाचा तुकडा टाकीसह ग्रामपंचायतीकडे आला. वडील आता नाहीत. आई नांदेडला माझ्याकडे असते. बहीण मात्र त्याच गावात आहे, कारण वडिलांच्या जुन्या ओळखीतून तिचे लग्न तिथेच जमले.

बहीण गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली. भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळपासून तिथे बसतात. मुली यायच्या, दारातून गर्दी बघायच्या आणि परत जायच्या. लातूरला किंवा नांदेडला राहून अभ्यास करणे त्यांच्यापैकी थोड्याच जणींना जमण्यासारखे होते. बहिणीने टाकीखालची खोली मागितली. तेव्हा तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि मंडपाचे बांबू होते. सरपंच म्हणाले, "न्या की. तिथं पाली सोडून कोण बसतंय?"

बुद्धपौर्णिमेला वंदना घेऊन अभ्यासिका सुरू झाली. चौकोनी टेबल गोल भिंतीला लावले की मागे जागा वाया जात होती, म्हणून उमरीच्या सुताराने भिंतीच्या वळणाला धरून एकच लांब वाकडे टेबल करून दिले. सगळ्या मुली भिंतीकडे तोंड करून बसतात, एकमेकींना पाठ. बोलणे आपोआप कमी होते. वैशाखातही खोली गार असते. शाळेच्या पुस्तकात बर्फाच्या घराचे चित्र पाहिलेल्या एकीने तिला इग्लू म्हटले आणि तेच नाव पडले. आया विचारतात, "कुठं चाललीस गं?" मुली सांगतात, "इग्लूत."

यंदा होळीनंतर त्या खोलीला कुलूप लागले.

ओल आधीच्या वर्षापासून दिसत होती. जुना नळ भिंतीतून जिथे खाली उतरतो, तिथे चुना फुगला होता. मग डाग पसरत माथ्यापासून जमिनीपर्यंत आला. एका दुपारी गिलाव्याचा ढपला टेबलावर पडला. तिथे एका मुलीचे दप्तर होते, ती स्वतः पाणी प्यायला उठली होती. कुणाला लागले नाही. पण गोष्ट घरोघरी गेली आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली आल्या नाहीत.

ग्रामपंचायतीने लातूरहून एका तरुण अभियंत्याला बोलावले. त्याने भिंत पाहिली, फळीवरचा काटा पाहिला, लोकांना विचारले. त्याचा निष्कर्ष सरळ होता. टाकी कित्येक वर्षे कुणी भरलेली नाही, काटाही शून्यावर आहे. पावसाळा सरून महिने झाले. म्हणजे वरून पाणी येण्याचा प्रश्न नाही. तरी भिंत ओली आहे, म्हणजे ती जमिनीतून पाणी ओढते आहे आणि आतला चुना गेला आहे. अशा भिंतीवर लोखंडाचा एवढा भार ठेवणे धोक्याचे. बांधकाम उतरवून घ्यावे. यावर ग्रामसभेत निर्णय व्हायचा होता.

बहिणीचा फोन आला. मी म्हणालो, "बातमी करतो."

"बातमीनं काय होईल, दादा? पाडायच्या आधी फोटो छापून येईल. लोक म्हणतील, किती छान होती."

मी सकाळच्या गाडीने गेलो. टाकीपाशी बहीण आणि सरपंच दोघे होते. मुली स्टेशनाबाहेरच्या कडुलिंबाखाली पुस्तके घेऊन बसल्या होत्या. शेजारी चहाची गाडी, पलीकडे फटफट्या. एकीने कानात कापसाचे बोळे घातले होते.

सरपंच मला गावच्या सुनेचा भाऊ म्हणून ओळखतात. ते म्हणाले, "पाव्हणं, आम्हाला का हौस हाय पाडायची? पण उद्या एखाद्या लेकीच्या डोक्यात दगड पडला तर तुम्हीच छापाल, सरपंच झोपला होता म्हणून."

"छापणारच."

"बघा," ते बहिणीकडे वळून म्हणाले, "तुमचा भाऊ खरं तरी बोलतोय."

बहीण हसली नाही. ती कुलपाकडे बघत होती. "दुसरी जागा देतो म्हणतेत," ती मला म्हणाली. "सोसायटीच्या गोदामाच्या वर. जिना बाहेरून हाय आन खाली पानटपरी. मी जाईन. त्या येतील का?"

कडुलिंबाखाली किती जणी होत्या ते मी मोजले नाही, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला दिसले. दहा मिनिटांत दोन जणी उठून घरी गेल्या.

मी बुरुजाभोवती फेरी मारली. फळीवरचे आकडे ठळक आणि स्वच्छ होते. खाली शून्य, वर चढत जाणारे आकडे. काटा अगदी तळाला टेकला होता.

"हा आधीपासून खालीच आहे का?" मी विचारले.

"न्हाई," बहीण म्हणाली. "खोली सुरू केली तेव्हा सगळी टाकी रंगवून घेतली. तवा वर होता, पार माथ्याला. मग हळूहळू खाली आला."

"ढिला पडलाय," सरपंच म्हणाले. "पेंटरनं कप्पीला तेल लई घातलं. आपल्या वजनानंच उतरला."

ते पटण्यासारखे होते. मी पुढे काही विचारले नाही आणि दुपारच्या गाडीने नांदेडला आलो.

जेवताना आईला सगळे सांगितले. आमच्या घरात जेवण तयार झाले की आई म्हणते, "काटा खाली आला." लहानपणापासून मी आणि बहीणही तेच बोलत आलो. तराजूचे पारडे भरले की खाली येते, त्यावरून ते आले असावे, अशी माझी समजूत होती. कधी चौकशी केली नव्हती. आईला टाकीची गोष्ट सांगताना मी काट्याचाही उल्लेख केला, कारण सवयीने सगळे तपशील सांगितले जातात.

आई ताटातला घास तसाच ठेवून म्हणाली, "काटा कुठं हाय म्हणलास?"

"तळाला."

"मग भरलीय की टाकी."

मी म्हणालो, "माय, खाली शून्य आहे. वर मोठा आकडा आहे."

"आकडे मला तवा कुठं येत होते? साक्षरतेचा वर्ग तर नांदेडला आल्यावर केला. मी काट्याकडं बघायची." तिने उजवा हात वर आणि डावा खाली केला. "आत डबा असतोय तरंगणारा. पाणी चढलं की डबा वर. साखळी कप्पीवरून भायेर आलेली. डबा वर गेला की काटा खाली. आडावर कसं, एक पोहरा वर आला की दुसरा खाली जातोय."

मग तिने जे सांगितले ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. रेल्वेचे क्वार्टर रुळांच्या पलीकडे होते. दारातून टाकी दिसायची. काटा वर असेल तर टाकी अजून रिकामी, पंप चालू, वडील यायला वेळ. काटा उतरू लागला की ती चूल पेटवायची. तळाला आला की तव्यावर भाकरी टाकायची. वडील हात धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. शेजारच्या घरांतही घड्याळ नव्हते, पण त्यांची चूल या काट्यावर चालत नसे, कारण त्या बायकांचे नवरे पंपावर नव्हते. तो हिशेब फक्त आमच्या घरातला होता.

"पण आता कशी भरंल?" आई स्वतःशीच म्हणाली. "पंप न्हाई, मानूस न्हाई. कोन भरतंय?" आणि थोड्या वेळाने, "आन रिकामीच होती म्हणता, तर आनखी रिकामी कशी होत गेली? काटा उतरत होता ना?"

बातमीदाराने विचारायचा प्रश्न हाच होता. रंग दिला तेव्हा टाकी कोरडी होती आणि काटा वर होता. फळीवरच्या आकड्यांप्रमाणे ती भरलेली दिसत होती. ती कोरडी आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्याने काट्याकडे कुणी लक्ष दिले नाही. काटा खाली आला तेव्हा तो सगळ्यांच्या समजुतीशी जुळला, आणि त्याच दिवसापासून तो पुरावा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिणीला फोन लावला. आकडे कुणी लिहिले, एवढेच विचारले. ती म्हणाली, "पेंटर इथंच हाय, शाळेची भिंत रंगवून राहिलाय. थांब." फोन स्पीकरवर टाकल्याचा आवाज आला. पेंटर जरा लांबून बोलत होता.

"उलटे होते ना, ताई. वर शून्य आन खाली मोठा आकडा. पुसट होते, पण दिसत होते. मी तुम्हाला विचारलं नव्हतं का, की कुण्या खुळ्यानं उलटे लिहिलेत, काय करू? तुम्हीच म्हणल्या, सरळ करून टाका."

मग बहीण म्हणाली, "हाव. म्हणले होते."

"मी तर तसंच ठेवणार होतो," पेंटर म्हणाला. "डबल रंग गेला माझा."

"आता तोंड मिट," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात हसू होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

वृत्तपत्राच्या टेबलावर बसणाऱ्याला यात नवल वाटू नये. विसंगत दिसणारी ओळ कुणीतरी नीट करते, ती नीट दिसू लागते, आणि मूळ ओळ बरोबर होती का हे विचारायला कुणी उरत नाही. बहीण तर ग्रंथपाल. कपाटात उलटे ठेवलेले पुस्तक तिला चालता चालता दिसते.

अभियंत्याला मी फोन केला तेव्हा तो थोडा सावध झाला. "म्हणजे टाकीत पाणी आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. आकडे उलटे झालेत एवढं कळलंय. आत काय आहे ते वर गेल्याशिवाय कळणार नाही."

"शिडीचे खालचे गज कापलेत. मुलं चढू नयेत म्हणून." मग तो म्हणाला, "मी आत पाहिलेलं नाही, हे खरं आहे. अहवालात तसं लिहिलंय. रविवारी येतो."

ग्रामसभा त्याच आठवड्यात होती. रविवारी आईलाही यायचे होते, पण ऊन फार होते. ती म्हणाली, "कळव मला."

अभियंता आला तेव्हा गावचा लाईनमन खांबावर चढायची शिडी घेऊन हजर होता. सरपंच होते, पेंटर होता, आणि कडुलिंबाखालच्या मुली पुस्तकात बोट घालून येऊन उभ्या राहिल्या होत्या. बहीण जरा मागे, विहिरीच्या कठड्याला टेकून.

तो शिडीने टाकीच्या बुडापर्यंत गेला आणि तिथून जुन्या शिडीच्या उरलेल्या गजांवर सावकाश पाय देत चढला. पान्याने त्याने पत्र्यावर टकटक केली. खालच्या ओळीतल्या पत्र्यांचा आवाज बसका आला. वरच्या ओळीतही तसाच. अगदी काठाशी पत्रा घणघणला. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांना तो फरक ऐकू आला. मग तो काठावरून आत वाकला.

"भरलीय," तो वरून म्हणाला. "जवळजवळ काठोकाठ."

बहीण कठड्यावर बसली.

खाली उतरून त्याने सगळे समजावून सांगितले. अभ्यासिका सुरू झाली त्या उन्हाळ्यात गारपीट झाली होती. टाकीवरच्या छपराचे पत्रे तेव्हा मधोमध बसले आणि परातीसारखे झाले. पाऊस त्या परातीत पडायचा आणि मधल्या फटीतून आत जायचा. उन्हापासून मात्र पत्रेच पाणी झाकून ठेवायचे. जादा पाणी बाहेर जायच्या नळात साळुंकीने घरटे केले होते. प्रत्येक पावसाळ्यात टाकी थोडी भरत गेली. तांब्याचा डबा अजून तरंगत होता, पितळी साखळी शाबूत होती आणि पेंटरच्या तेलाने कप्पी मोकळी झाली होती. यंत्र आपले काम बिनचूक करत होते. ओल आली होती ती टाकीच्या बुडाशी जुना नळ जिथे भिंतीत शिरतो, त्या सांध्यातून.

सरपंच टोपी काढून डोके पुसत होते. "उन्हाळ्यात टँकरसाठी मी तहसीलला चपला झिजवतो," ते म्हणाले, "आन गावाच्या डोक्यावर एवढं पाणी?"

"हिरवं आहे," अभियंता म्हणाला. "पिण्यासारखं नाही."

"असू द्या. मालूम तरी पडायचं."

बहीण उठून पुढे आली. तिने विचारले, "मग पाडायची का?"

त्याने बुरुजाभोवती एक फेरी मारली, घोड्यांखाली उभा राहून प्रत्येक कोपरा पाहिला, भिंतीला तळवा लावला. मग म्हणाला, "ताई, मी लिहिलं होतं की भिंत रिकाम्या टाकीचाही भार घेणार नाही. तिनं भरलेल्या टाकीचा भार घेतलाय, आणि बाहेरून कुठे तडा नाही. अशी चाचणी मी मागितली असती तर कुणी परवानगी दिली नसती." भिंतीवरचा हात काढून तो पुढे म्हणाला, "पण आतून पाहायला हवं. आधी पाणी काढा. गिलावा सगळा उतरवा. भिंत वाळू द्या. मग सांगतो. आज हो म्हणत नाही."

"नको म्हणत न्हाई ना?"

"नाही."

ग्रामसभेत विषय थोडक्यात झाला. भिंत वाळून दुसरा अहवाल येईपर्यंत निर्णय पुढे ढकलला. एका मुलीच्या वडिलांनी मात्र उठून सांगितले की अहवाल आल्याशिवाय ते मुलीला पाठवणार नाहीत. बहीण म्हणाली, "पाठवू नका. मीही बसवणार न्हाई." त्यावर ते खाली बसले.

टाकीच्या बुडाचा जुना व्हॉल्व्ह गंजून बसला होता. लाईनमनने वरून पाईप सोडला आणि पाणी ओढून काढले. शाळेतल्या झाडांना, स्टेशनाच्या रस्त्यावरच्या रोपांना, गुरांच्या हौदाला, जिथे पोचेल तिथे पाईप फिरवला. मुली कडुलिंबाखाली होत्याच. एका बाजूला पाणी वाहत होते आणि फळीवरचा काटा शून्यावरून वर सरकत होता.

"म्याडम," एक जण पुस्तकातून डोके न काढता म्हणाली, "जेवढं काढतोय तेवढी भरून राहिलीय."

"अभ्यास कर," बहीण म्हणाली.

टाकी कोरडी झाली तसा काटा माथ्याला जाऊन टेकला. सांध्याचा नळ काढून तिथे नवे काम केले. छपराचे पत्रे बदलले. आतला गिलावा खरवडून काढला, तेव्हा मूळ भिंत उघडी पडली. मी त्या दिवशी तिथे होतो. आतले दगड बाहेरच्या दगडांहून अरुंद होते. प्रत्येक दगड बाहेरून रुंद आणि आत निमुळता घडवलेला होता, त्यामुळे ते गोलात एकमेकांना घट्ट धरून बसले होते. ओल चुन्यात शिरली होती, दगडात नाही. अभियंत्याने हातोडीने एकेक थर वाजवून पाहिला आणि म्हणाला, "हे विहिरीचं बांधकाम आहे. विहिरीच्या भिंतीला ओलीची सवय असते." माझा अंदाज एवढ्यापुरता तरी बरोबर निघाला. लेखी पुरावा अजूनही माझ्याकडे नाही.

वैशाखातल्या उन्हात ही भिंतही वाळली. दुसरा अहवाल आला. बांधकाम ठेवण्यासारखे आहे, टाकी भरू नये, छपराकडे दरवर्षी पाहावे, असे त्यात होते. कुलूप निघाले. पुन्हा गिलावा करायचा का, हा प्रश्न आला तेव्हा मुलींनीच नको म्हटले. आता टेबलासमोर काळा दगड असतो. चुन्याची भिंत होती तेव्हा तिच्यावर सूत्रे लिहून ठेवायची चोरटी सोय होती, ती गेली, एवढी एक तक्रार मी ऐकली.

आधी सगळ्या मुली आल्या नाहीत. ग्रामसभेत उठलेल्या त्या वडिलांची मुलगी आली तीही वडिलांना घेऊनच. ते उंबऱ्यावर बसले, भिंतीला पाठ लावून पाहिली, छताचे गर्डर पाहिले. मग म्हणाले, "गार हाय." आणि गेले. त्यानंतर येणाऱ्या मुली वाढल्या.

आईला मी एका सकाळी घेऊन गेलो. स्टेशनावरून चालत येताना ती रुळांच्या पलीकडे, जिथे क्वार्टर होते तिकडे बघत होती. तिथे आता बाभळी आहेत. टाकीपाशी पेंटर शिडीवर होता आणि बहीण खाली उभी राहून त्याच्याशी वाद घालत होती.

"वर शून्य," ती म्हणाली.

"ताई, लोक मला हसतील. पेंटरला आकडे येत न्हाईत म्हणतील."

"हसू दे."

"मग खाली लिहितो तरी, काटा खाली म्हणजे टाकी भरली. म्हणजे माझी तेवढी अब्रू राहील."

तिने विचार केला. "लिही. पण रुळावरून वाचता आलं पाहिजे."

पेंटरने ब्रश बुडवला. माथ्यावर, काट्याच्या टोकाशी, शून्य उमटले. आई मान वर करून बराच वेळ बघत होती. मग तिने गोल खोलीच्या उघड्या दारातून आत डोकावले. वाकड्या टेबलाशी मुली भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पंप जिथे होता, तिथे मधोमध चपला काढून ठेवल्या होत्या. कुणी मागे वळून पाहिले नाही.

बहीण म्हणाली, "माय, चल घरी. जेवायला बसू. भाकरी टाकते."

आईने पुन्हा एकदा फळीकडे पाहिले.

"काटा वर हाय," ती म्हणाली. "काम चालू हाय अजून. जरा थांबून टाक."